द्वैभाषिकत्व, पक्षाघात आणि बोधनक्षमता : हैदराबाद येथील दोन संशोधनांचे परीक्षण

१

रोग कशामुळे होतो, हा वैद्यकातील फार जुना प्रश्न आहे. रोग होण्याचा संभव कशामुळे वाढतो, हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली हृदयरोगाची एक दीर्घ पाहणी सुरू झाली आणि तिच्यावर आधारलेल्या १९६१ सालच्या एका निबंधानंतर ‘जोखमीचे घटक’ ही कल्पना वैद्यकात स्थिरावली. रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपान अशा घटकांचा हिशेब प्रथम हृदयविकाराच्या संदर्भात व पुढे पक्षाघाताच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या संदर्भातही मांडला जाऊ लागला. या कल्पनेच्या जोडीला कालांतराने ‘बायोमार्कर’, म्हणजे जैवनिर्देशक, ही दुसरी कल्पना आली. २००१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका गटाने तिची जी व्याख्या केली, तिचे सारे मर्म ‘वस्तुनिष्ठ रीतीने मोजले जाणारे लक्षण’ या अटीत आहे. जे मोजता येते तेच निर्देशक होऊ शकते, असा तिचा आशय.

स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या जोखीमघटकांची यादी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदापर्यंत नेली. हे सर्व घटक दूर करता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. या यादीत बालपणातील अपुरे शिक्षण आहे, उच्च रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकाकीपणाही आहे. एकाहून अधिक भाषा अवगत असणे किंवा नसणे मात्र तिच्यात नाही. तथापि द्वैभाषिकत्व हा मेंदूचे रक्षण करणारा घटक आहे, हा विचार गेली काही वर्षे वैद्यकीय नियतकालिकांतून आग्रहाने मांडला जात आहे आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून हैदराबाद येथील दोन निबंधांकडे बोट दाखवले जाते. एका बाजूला वैद्यक आणि दुसऱ्या बाजूला भाषा असा हा विषय आहे. वैद्यकाच्या बाजूने त्याची तपासणी पुष्कळ झाली. भाषेच्या बाजूने तितकी झालेली नाही. रक्तदाब ज्या काटेकोरपणाने मोजला जातो त्या काटेकोरपणाने भाषा मोजली गेली आहे काय, हा या परीक्षणाचा मुख्य प्रश्न आहे.

२

या विचाराचा आरंभ टोरांटो येथे झाला. एलन बियालिस्टॉक व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली स्मृतिचिकित्सालयातील १८४ रुग्णांची माहिती तपासली. द्वैभाषिक रुग्णांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरीने ४.१ वर्षे उशिरा दिसल्याचे त्यांना आढळले. यावर ताबडतोब आक्षेप आला. कॅनडातील द्वैभाषिक हे बहुशः स्थलांतरित होते. स्थलांतर करणारा मनुष्य मुळातच अधिक धडधाकट असू शकतो; तेव्हा लाभ भाषेचा की स्थलांतर करणाऱ्या प्रकृतीचा, हे कसे ठरवावे?

हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील सुवर्णा अल्लाडी व एडिंबरो येथील टॉमस बाक यांच्या गटाचे २०१३ सालचे संशोधन हे या आक्षेपाला मिळालेले खरे उत्तर होय. हैदराबादेत तेलुगू, दखनी, उर्दू, हिंदी, इंग्रजी या भाषा शतकानुशतके किंवा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. दुसरी भाषा येण्यासाठी तेथे देशांतर करावे लागत नाही, शाळेतही जावे लागत नाही. बाजार, गल्ली आणि कारखाना ती शिकवतात. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांपैकी ३९१ द्वैभाषिक होते आणि त्यांच्यात रोगाचा आरंभ एकभाषिकांपेक्षा सरासरीने साडेचार वर्षे उशिरा झालेला दिसला. शिक्षण, लिंग, व्यवसाय, शहरी वा ग्रामीण वास्तव्य यांचा हिशेब करूनही हा फरक टिकला. विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांतही तो आढळला. शिक्षणाचा प्रभाव भाषेच्या खाती जमा होत आहे, हा संशय त्यामुळे बराच दुर्बळ झाला. दोनाहून अधिक भाषा जाणणाऱ्यांना अधिक लाभ मिळाल्याचे मात्र दिसले नाही.

याच परंपरेतील दुसरा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघात झालेल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास आहे. आघातानंतर ज्यांची बोधनक्षमता, म्हणजे स्मरण, अवधान, भाषा, निर्णय यांची एकत्रित शक्ती, शाबूत राहिली, त्यांचे प्रमाण द्वैभाषिकांत ४०.५ टक्के आणि एकभाषिकांत १९.६ टक्के होते. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह व वय हे घटक जमेस धरूनही द्वैभाषिकत्वाचा संबंध स्वतंत्रपणे उरला. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे एकभाषिकांत ११.८ व द्वैभाषिकांत १०.५ टक्के, होते.

या दोन निबंधांचे मोल निर्विवाद आहे. यासंबंधीची चर्चा पाश्चात्त्य देशांतील स्थलांतरितांच्या वस्त्यांतून बाहेर काढून, जेथे द्वैभाषिकत्व हा अपवाद नसून रीत आहे अशा समाजात त्यांनी ती आणली. पुढील आक्षेप हे मोल मान्य करूनच घ्यावयाचे आहेत.

३

पहिला आक्षेप रोगाच्या आरंभाविषयी आहे. २०१३ सालच्या निबंधातील सारे गणित ‘आरंभाच्या वया’वर उभे आहे. हे वय कोण सांगतो? रुग्णाचा मुलगा, सून, पत्नी. म्हणजे ते रक्ताच्या तपासणीतून आलेले नसून एका कथनातून आलेले असते आणि कथन हे ते सांगणाऱ्याच्या भाषेत उपलब्ध असलेल्या शब्दांनी घडते. मराठीपुरते पाहिले तरी हे ध्यानात येईल. ‘म्हातारचळ’ हा शब्द वापरणारे कुटुंब लक्षणांचा संबंध वार्धक्याशी जोडते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर बुद्धीचा ऱ्हास साठीनंतरचा स्वाभाविक भागच समजते. अशा कुटुंबाला ‘हे केव्हा सुरू झाले’ असे विचारले असता जे उत्तर मिळेल ते, ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द वृत्तपत्रात वाचलेल्या कुटुंबाच्या उत्तराहून वेगळे असणार. शिवाय आईचे विसरणे कोणत्या घरात लवकर जाणवते, हे त्या आईवर घरातील कोणते व्यवहार सोपवलेले आहेत यावर अवलंबून राहते. आरंभाचे वय हे अशा रीतीने अंशतः सामाजिक व भाषिक वय आहे.

पक्षाघाताची गोष्ट निराळी. मराठीत त्याला ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणा, ‘लकवा’ म्हणा की ‘अर्धांगवायू’ म्हणा. या सर्व शब्दांत शरीराची लुळी पडलेली बाजू आहे, मेंदू कोठेच नाही आणि त्यानंतर मंदावणारी बुद्धी तर मुळीच नाही. पण एक गोष्ट त्यांत निश्चित आहे : घटना एका विशिष्ट दिवशी, बहुधा विशिष्ट वेळी घडते. कुटुंब तो दिवस विसरत नाही. म्हणून २०१६ सालचा निबंध या एका बाबतीत २०१३ सालच्या निबंधापेक्षा अधिक विश्वसनीय आहे. आघात केव्हा झाला, हे तेथे आठवणीवर सोडलेले नाही.

तथापि या निश्चितीने दुसरा प्रश्न सुटत नाही. आघातानंतर रुग्णाची क्षमता किती उरली हे कळले, तरी आघातापूर्वी ती किती होती हे कोणास ठाऊक आहे? न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटन भागातील स्पॅनिश भाषक स्थलांतरितांची जी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, ती येथे महत्त्वाची ठरते. त्या पाहणीत १०६७ व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी काहींचा मागोवा तेवीस वर्षांपर्यंत घेतला गेला. आरंभीच्या चाचण्यांत द्वैभाषिकांची स्मृती व नियंत्रणशक्ती सरस दिसली. परंतु पुढे ऱ्हासाचा वेग अथवा स्मृतिभ्रंश होण्याचा संभव यांत काही फरक पडला नाही. २०१७ साली झालेल्या एका एकत्रित आढाव्याचाही निष्कर्ष असाच आहे. रुग्णालयात आलेल्यांना मागील इतिहास विचारणाऱ्या पाहण्यांत द्वैभाषिकत्वाचा लाभ दिसतो. निरोगी माणसांना आधी गाठून त्यांच्या मागोमाग वर्षानुवर्षे चालणाऱ्या पाहण्यांत तो दिसत नाही.

मॅनहॅटनचा हा अनुभव हैदराबादच्या दुसऱ्या निबंधाला लावून पाहिला तर एक शक्यता स्पष्ट होते. द्वैभाषिक रुग्ण आघातापूर्वीही चाचणीत वरच्या पायरीवर असतील आणि दोन्ही गट आघाताने सारखेच दोन पायऱ्या खाली आले असतील. तसे असेल तर वरच्या पायरीवरचा रुग्ण ‘शाबूत’ या रेषेच्या वर राहील आणि खालचा तिच्याखाली जाईल. पण त्यावरून द्वैभाषिकत्वाने आघात सौम्य केला, असे सिद्ध होणार नाही. रुग्णाच्या दृष्टीने वरच्या पायरीवर असणे हाही लाभच आहे, हे खरे. मात्र तो लाभ आणि ‘रक्षण’ या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि संशोधनाने त्या भिन्न ठेवल्या पाहिजेत.

४

दुसरा आक्षेप खास भाषाशास्त्रीय आहे. ‘द्वैभाषिक’ कोणास म्हणावे? हैदराबादच्या संशोधकांनी या बाबतीत अजित मोहंती यांची व्यवहारनिष्ठ व्याख्या स्वीकारली. स्वतःच्या आणि समाजाच्या नित्य व्यवहारातील संवादाच्या गरजा जो दोन किंवा अधिक भाषांतून भागवू शकतो, तो द्वैभाषिक. भारतीय परिस्थितीला ही व्याख्या पाश्चात्त्य व्याख्यांहून कितीतरी अधिक जुळते. परंतु गणितात उतरताना तिचे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे दोनच भाग झाले. रक्तदाब ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच नोंदवले असते तर कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकाने तो आकडा पुरेसा मानला नसता.

प्रश्न कसा विचारला जातो यावर द्वैभाषिकांची संख्या किती अवलंबून असते, हे जनगणनेवरून दिसते. २०११ सालच्या जनगणनेत मातृभाषेखेरीज दुसरी भाषा जाणणाऱ्यांचे प्रमाण देशभरात सुमारे २६ टक्के नोंदले गेले. हैदराबादच्या रुग्णांत तेच प्रमाण ६० टक्क्यांवर आहे. शहर बहुभाषिक आहे हे त्याचे एक कारण. पण ‘जाणतो’ व ‘व्यवहार भागवतो’ या दोन क्रियापदांतील अंतर हेही दुसरे कारण असू शकते.

त्याहून अवघड प्रश्न भाषांच्या सीमेचा आहे. हैदराबादेतील दखनी ही त्या बाबतीत फार बोलकी आहे. तिचा शब्दसंग्रह बव्हंशी हिंदी-उर्दूचा; पण ‘मैंच’ यासारख्या रूपांतील निश्चयार्थक ‘च’ हा मराठीचा, आणि ‘बोलके’ या शब्दाने वाक्ये जोडण्याची लकब तेलुगूतील ‘अनि’ व मराठीतील ‘म्हणून’ यांच्या धर्तीची. घरी दखनी बोलणारा व कचेरीत उर्दू लिहिणारा मनुष्य एकभाषिक की द्वैभाषिक? दखनीचे उत्तर एक दिले तर तो एका रकान्यात जातो, दुसरे दिले तर दुसऱ्या. सहाशे रुग्णांच्या पाहणीत अशा काही डझन रुग्णांचे रकाने बदलल्यास निष्कर्ष कितपत टिकतात, हे तपासणे अगत्याचे होते.

या प्रश्नाला एक तात्त्विक बाजूही आहे. द्वैभाषिकत्वाचा लाभ का होतो याचे प्रचलित स्पष्टीकरण असे : दोन्ही भाषा मनात सतत जाग्या असतात, एक बोलताना दुसरी आवरून धरावी लागते, या आवरण्याच्या नित्य सरावाने मेंदूची नियंत्रणशक्ती बळावते. हे स्पष्टीकरण खरे मानले तर दोन भाषांमधील अंतर हा निर्णायक घटक ठरतो. आता सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे उदाहरण घ्यावे. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिले की, त्या गावातील मराठी, कन्नड व उर्दू या भाषांची वाक्यरचना शतकांच्या सहवासाने इतकी एकरूप झाली आहे की, एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येते. तेथील द्वैभाषिक मनुष्य दोन व्याकरणे आवरतो की एकाच व्याकरणावर दोन शब्दसंग्रह चढवतो? आणि असा मनुष्य, तेलुगू घरात वाढून इंग्रजीत कारभार करणाऱ्या मनुष्याच्या पंक्तीला बसवावा काय? दोनाहून अधिक भाषांनी लाभ वाढत नाही, हा २०१३ सालचा निष्कर्षही या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगा आहे. भाषा मोजल्या गेल्या. त्यांच्यातील अंतर आणि त्यांचा रोजचा वापर मोजला गेला नाही.

५

तिसरा आक्षेप मोजपट्टीविषयी आहे आणि तो बहुधा सर्वांत गंभीर आहे. हैदराबादच्या संशोधनात रुग्णांची बोधनक्षमता अ‍ॅडनब्रुक चाचणीच्या भारतीय रूपांतरांनी मोजण्यात आली. मूळ इंग्रजी चाचणी शंभर गुणांची. त्यांपैकी २६ गुण भाषेला आणि १४ गुण शब्दप्रवाहाला, म्हणजे एका मिनिटात किती शब्द सुचतात याला, आहेत. उरलेल्या साठांपैकीही बहुतेक गुण तोंडी प्रश्नोत्तरांतून मिळवावयाचे. म्हणजे कारणाच्या बाजूला भाषा आणि परिणामाच्या बाजूलाही भाषाच. अशा वेळी दोहोंत संबंध आढळला तर तो मेंदूतील संबंध आहे की मोजपट्टीतील, हे सांगणे कठीण होते. परक्या, सुशिक्षित प्रश्नकर्त्याला प्रमाण बोलीत उत्तरे देण्याची सवय हीच मुळी द्वैभाषिक माणसाला अधिक असते. ही सवय गुणांत उतरते.

चाचणीचे भाषांतर ही केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे. शब्दप्रवाहाच्या एका भागात ‘पी’ या अक्षराने सुरू होणारे शब्द सांगावे लागतात. देवनागरीत ‘प’ म्हटल्यावर ‘पाणी’ चालेल, ‘पिठले’ चालेल. ‘प्रवास’ चालेल की नाही? निरक्षर माणसाला तर ‘प’ ही वस्तूच ठाऊक नसते. पोर्तुगालमध्ये १९७९ साली झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात निरक्षर प्रौढांना शब्दाच्या आरंभीचा एकटा ध्वनी गाळणे किंवा जोडणे जमले नाही. ध्वनी सुटा करून पाहणे हे लिपीचे देणे आहे, मेंदूच्या आरोग्याचे लक्षण नव्हे. तसेच मूळ चाचणीत ‘पाइंट’, ‘हाइट’ यांसारखे, वर्णांवरून उच्चार न कळणारे इंग्रजी शब्द वाचावयास दिलेले असतात, कारण शब्दार्थाची स्मृती ढासळलेला रुग्ण तेथे नेमका चुकतो. तेलुगू व देवनागरी लिप्यांत वर्ण आणि उच्चार यांचे नाते इतके सरळ की, तसे शब्द सहजी सापडत नाहीत. मराठीत मात्र एक वाट आहे. ‘जग’ या एकाच लेखनाचे, विश्व या अर्थी तालव्य आणि ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी दंततालव्य, असे दोन उच्चार होतात. रुग्ण अर्थ ओळखून वाचतो की नुसते वर्ण जुळवतो, हे अशा शब्दांवरून पाहता येईल काय, याची परीक्षा मराठीच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवी. अशी साधने इंग्रजीतून उसनी आणता येत नाहीत. ती त्या त्या भाषेच्या पोटातूनच काढावी लागतात.

वाचाघाताविषयीच्या निष्कर्षातही हीच स्थूलता आहे. त्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे निघाल्याने, द्वैभाषिकत्वाचा लाभ भाषेत नसून सर्वसाधारण नियंत्रणशक्तीत आहे, असा अर्थ लावण्यात आला. परंतु वाचाघात होतो की नाही हे मुख्यतः आघात मेंदूच्या कोणत्या भागावर झाला यावर ठरते. तो किती तीव्र होतो व किती भरून निघतो हा वेगळा प्रश्न आहे. याच संशोधनपरंपरेतील नंतरच्या एका निबंधात द्वैभाषिकांचा वाचाघात तुलनेने सौम्य असल्याचे आढळले, ही गोष्ट त्या घाईच्या अनुमानाला सावध करणारी आहे.

६

मग जैवनिर्देशकांनी ही अडचण दूर होईल काय? अल्झायमर रोगाचे निदान मेंदूतील अ‍ॅमिलॉइड व टाउ या प्रथिनांच्या खुणांवरून करण्याकडे आता कल आहे आणि रक्ताच्या तपासणीने त्या खुणा ओळखण्याची सोय होऊ लागली आहे. रक्ताला बोली नसते. त्यामुळे भाषेचा घोळ टळेल, अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. ती अर्धीच खरी आहे. अमेरिकेतील ख्रिस्ती भगिनींच्या पाहणीतील १९९७ सालचा निबंध येथे स्मरावा. मृत्यूनंतर ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या पुरेशा खुणा मिळाल्या अशा ६१ भगिनींपैकी, ज्यांच्या मेंदूच्या गाभ्यात आघाताचे लहान डागही होते त्यांच्यात स्मृतिभ्रंश फार अधिक होता. तसे डाग नसलेल्या कित्येकींची बुद्धी, रोगाच्या खुणा असूनही, टिकून राहिली होती. म्हणजे निर्देशक इजा सांगतो. त्या इजेनिशी मनुष्य कसा जगतो हे सांगत नाही. ते त्याच्या वागण्यातून, आणि विशेषतः बोलण्यातून, कळते.

म्हणून खरा मार्ग दोहोंना जोडण्याचा आहे. इटलीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याची दिशा दाखवली. अल्झायमरच्या ८५ रुग्णांच्या मेंदूतील शर्करेचा वापर मोजला असता, जर्मन-इटालियन द्वैभाषिकांच्या मेंदूची हानी एकभाषिकांहून जास्त होती, आणि तरीही त्यांची कामगिरी कमी नव्हती. त्या संशोधकांनी दुसऱ्या भाषेच्या आयुष्यभरातील वापराची प्रतवारीही लावली होती. बोधनाची गंगाजळी असे जिला म्हणता येईल ती शक्ती अशा रीतीनेच सिद्ध होऊ शकते : हानी एका यंत्राने मोजावी, क्षमता दुसऱ्या साधनाने मोजावी आणि या दोहोंतील अंतर भाषेच्या वापराशी ताडून पाहावे.

७

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या पद्धतिवादाचा नाही. धुळे-जळगावकडची एखादी वृद्धा घरी अहिराणी बोलते, बाजारात प्रमाण मराठीच्या जवळची भाषा वापरते. जनगणनेच्या हिशेबाने अहिराणी खानदेशीत मोडते व खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा. म्हणून ती वृद्धा तेथे द्वैभाषिक ठरते. रुग्णालयाच्या कागदावर ‘भाषा : मराठी’ एवढेच लिहिले जाण्याचा संभव अधिक. पक्षाघातानंतर तिची चाचणी प्रमाण मराठीत घेतली आणि तिला कमी गुण मिळाले, तर गेले काय? बुद्धी गेली, उशिरा शिकलेली भाषा गेली, की ती भाषा तिला मुळातच तेवढी नव्हती? या तीन उत्तरांवर तीन वेगवेगळे उपचार अवलंबून आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत तयार झालेला चाचणीसंच हे या दिशेने पडलेले मोठे पाऊल होय. पण त्या पाच भाषांत मराठी नव्हती आणि मराठीच्या पोटातील बोलींचा विचार तर त्याही पुढचा आहे.

हैदराबादच्या संशोधकांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि त्यांचे उत्तर चुकीचे आहे असे म्हणण्यास आधार नाही. ते अपुरे आहे, एवढेच म्हणावयाचे. ते पुरे करण्यासाठी रुग्णपत्रिकेत काही साध्या नोंदी हव्यात : पहिली भाषा व बोली कोणती, दुसरी कोणत्या वयात व कोठे आली, आज कोणती भाषा कोणाशी किती बोलली जाते, वाचता-लिहिता कोणती येते, आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली. या नोंदी घ्यावयास महागडे यंत्र लागत नाही. प्रश्न विचारण्याची रीत ठाऊक असलेला मनुष्य लागतो, आणि ती रीत भाषाशास्त्राच्या विभागांत शिकवली जाते. तोवर ‘दुसरी भाषा शिका आणि स्मृतिभ्रंश टाळा’ असा उपदेश करणे अकाली होय. रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा उपदेश ज्या पुराव्यावर उभा आहे, तेवढा पुरावा भाषेच्या बाजूने अद्याप गोळा व्हावयाचा आहे.